नववी नळी

कडवीमाळ, ता. शाहूवाडी
दि. २४ जानेवारी २०२५

चि. अनुजा हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, १२ तारखेला आमच्या शाळेत तू रक्ततपासणीचं शिबिर घेतलंस त्याचे कागद काल पोस्टमनने आणून दिले. चोवीस माजी सैनिक, चोवीस पाकिटं. तेवीस जणांच्या कागदावर सर्व ठीक असल्याचा शिक्का आणि खाली तुझी सही. माझ्या एकट्याच्या कागदावर शिक्का नाही. हिमोग्लोबिन २०.४, त्याला लाल गोल, आणि शेजारी लिहिलंय की तातडीने डॉक्टरांना भेटावे.

मला काही समजेना. मी रोज सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीपर्यंत चालत जातो, चालत येतो. दम नाही, चक्कर नाही. मामी म्हणते, रक्त कमी पडल्याचं ऐकलं होतं, जास्त झाल्याचं हे पहिल्यांदाच, पंचायतीने सत्कार करायला पाहिजे. वरवर हसते, पण काल भाजीत दोनदा मीठ टाकलं.

बाकी गावात तुझ्या कागदांमुळे मजा चालली आहे. गिरणीवाल्या बादशहाने आपला कागद फ्रेम करून गिरणीच्या भिंतीवर लावला. दळण घेऊन येईल त्याला आधी कागद दाखवतो, मग पीठ देतो. तुला त्याचं खूळ माहीत नसेल. थंडीत कढत पाण्याने आंघोळ केली की हा तासभर अंग खाजवत बसतो. तीन साबण बदलले, नव्या नळयोजनेला शिव्या घालून झाल्या, ग्रामपंचायतीला अर्जसुद्धा दिला. तोंड बघावं तर लालबुंद, जसं काही भर उन्हात भात कापून आलाय. आता म्हणतो, डॉक्टरांनीच लिहून दिलंय की मला काही नाही, म्हणजे पाणीच खराब.

फोन करू नकोस. तोफांनी माझे कान नेले, मामी स्पीकर लावते आणि निम्मी गल्ली ऐकते. काय ते कागदावर कळव. समजेल असं लिही.

माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा मामा,
जोतीराम खोत, सुभेदार (निवृत्त)


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २७ जानेवारी २०२५

ती. मामांना अनुजाचा सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. कागदावरचा तातडीने हा शब्द माझा आहे आणि तो विचार करून लिहिला आहे.

आमचा अभ्यास उंचावर नोकरी केलेल्या जवानांच्या रक्ताचा आहे. बर्फातल्या चौक्यांवर हवा विरळ असते, म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. खाली उतरल्यावर काही आठवड्यांत आकडा पूर्ववत व्हायला हवा. पुढे वर्षानुवर्षं त्यातलं काही उरतं का, हे आम्ही पाहतो आहोत. तुमच्या वयाच्या पुरुषात हिमोग्लोबिन तेरा ते सतरा असावं. वीसच्या वर म्हणजे रक्त फार दाट. दाट रक्त वाहिन्यांत साकळतं. गुठळी मेंदूत गेली तर अर्धांग, हृदयात गेली तर झटका. त्याआधी फारसं काही जाणवेलच असं नाही, त्यामुळे डेअरीपर्यंत चालता यावर मी भरवसा ठेवणार नाही.

उपाय आहे. शिरेतून थोडं थोडं रक्त काढून टाकतात आणि एक साधी गोळी देतात. वेळेत कळलं तर माणूस वर्षानुवर्षं नीट जगतो.

बुधवारी, २९ तारखेला सकाळी दहाला हॉस्पिटलमध्ये या. तोपर्यंत भरपूर पाणी प्या आणि तंबाखू बंद. मामीला सांगा की मीठ एकदाच पुरे. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आशीर्वाद पाठीशी असतातच, ते असेच असू द्यावेत.

आपली,
अनुजा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ३१ जानेवारी २०२५

ती. मामांना सा. न. वि. वि.

बुधवारी तुमचं रक्त दोनदा, दोन वेगळ्या यंत्रांवर तपासलं. एकावर १४.१, दुसऱ्यावर १४.०. तुम्हाला काहीही झालेलं नाही. हे लेखी सांगते आहे, तरी तंबाखू पुन्हा सुरू करू नका.

तुम्ही व्हरांड्यात पेढे वाटलेत आणि मी घेतला नाही, त्याचं तुम्हाला लागलं असं मामी म्हणाली. मला आनंद झाला नाही असं नव्हे. कारण लिहिते, शांतपणे वाचा.

काहीही न करता सतरा दिवसांत रक्त २०.४ वरून १४.१ वर येत नाही. यंत्र बिघडलं असेल असं मला पहिल्यांदा वाटलं. शिबिराच्या दिवशीच्या चाचणी-नोंदी तीन वेळा पाहिल्या. यंत्र बरोबर होतं. मग ज्या नळीवर तुमचं नाव होतं तिच्यातलं रक्त तुमचं नव्हतं. पण ते कोणाचं तरी होतं. तुमच्या गावात एक माणूस दाट रक्त घेऊन फिरतो आहे आणि त्याच्याकडे सर्व ठीक असल्याचा कागद आहे. त्यावर सही माझी आहे.

नळ्यांना लेबलं मी आदल्या दिवशीच लावली होती. यादीच्या क्रमाने त्या स्टँडमध्ये उभ्या होत्या. तुमची नववी. रक्त आमचा तंत्रज्ञ काशिफ काढत होता, मी शेजारच्या वर्गात ऑक्सिजन मोजत होते. नियम असा की खुर्चीत बसलेल्याला नाव विचारायचं, ते लेबलाशी ताडून पाहायचं, मगच सुई. त्या दिवशी ते झालं नाही. का झालं नाही ते मला माहीत आहे, पण आज ते लिहीत नाही.

मला एकच माहिती हवी आहे. ओळ तुम्ही लावली होती. ती कोणत्या यादीप्रमाणे?

उत्तराची वाट पाहते. मामीला नमस्कार, आणि तुमचा लोभ मागते.

आपली,
अनुजा


कडवीमाळ
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. अनुजा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून सुटलो असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचून गोंधळलो. तिसऱ्यांदा चष्मा काढून ठेवला.

तुझी यादी मला आठ दिवस आधी मिळाली होती. ती अर्ज आले त्या क्रमाची. राजवीर साधा शिपाई, घरी येऊन चार वर्षं झाली नाहीत, त्याने मोबाईलवरून अर्ज टाकला म्हणून तो पहिला. आणि मी सुभेदार, नववा. माझं सोड, पण नायब सुभेदार शिंदे एकविसावा? म्हातारा माणूस, छातीवर पदकं लावून आला होता. अशा ओळीत कोण उभं राहील? मी आमच्या माजी सैनिक संघटनेची वही काढली आणि हुद्द्याप्रमाणे, नोकरीच्या वर्षांप्रमाणे यादी केली. तुझी यादी घडी घालून खिशात ठेवली. तू दारातून विचारलंस की सगळे यादीप्रमाणे आहेत ना, मी हो म्हणालो. खोटं बोललो नाही पोरी. माझ्या डोक्यात तेवढी एकच यादी होती.

ती यादी सोबत जोडली आहे. आता तुझा हिशेब मलाही कळतो. नववी नळी म्हणजे नववा माणूस, तो हवालदार बाळासो. त्याला घरी जाऊन सांगितलं. ऐकल्यावर त्याने म्हशी कुणाच्या नावावर करायच्या ते सांगून टाकलं, त्याची बायको रडायला लागली, आणि शेजारच्या तिघी कारण न विचारता तिच्यात सामील झाल्या. गुरुवारी त्याला तुझ्याकडे धाडतो. त्याला गूळ बाजारात यायचंच आहे.

एक विचारू का? माझ्यामुळे झालं का हे?

उत्तर काहीही असलं तरी माया पातळ करू नकोस.

मामा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना सा. न. वि. वि.

बाळासोमामांचं हिमोग्लोबिन १३.८ आहे. म्हशी त्यांच्याच नावावर राहू द्याव्यात.

आता मलाही समजत नाही. तुमची यादी मी भिंतीवर लावली आहे. ओळ उलट्या टोकाने सुरू झाली असेल असं धरलं, तर नववा माणूस तुमच्या यादीतला सोळावा निघतो. मध्येच कोणी लघवीला गेला असेल असं धरलं, तर कोणीही निघतो. काशिफला विचारलं. त्याला चेहरे आठवत नाहीत, फक्त शिरा आठवतात. एवढंच म्हणाला की ओळ मोडली नाही, एक उठला की दुसरा बसत होता. मी कागदावर कोष्टकं करते, पुसते, पुन्हा करते. प्रत्येक कोष्टक बरोबर दिसतं आणि माणूस सापडत नाही.

तुम्ही विचारलंत की तुमच्यामुळे झालं का. नाही. ओळ लावणं तुमचं काम नव्हतं, नाव विचारणं आमचं होतं. मी काशिफला सांगितलं होतं की नावं विचारण्यात वेळ घालवू नको, ओळ यादीप्रमाणे आहे, एक वाजता निघायचं आहे. चोवीस माणसं एका रेषेत, टाचा जुळवून उभी होती. इतकी सरळ ओळ मी कुठल्याच शिबिरात पाहिलेली नाही. सरळ आहे म्हणजे बरोबर आहे, असं मी धरून चालले.

आणखी एक सांगायचं आहे. २०.४ हा आकडा पडद्यावर आला तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. अभ्यासात काहीतरी सापडलं म्हणून. तो कोणाचा आहे हे मी त्यानंतर पाहिलं. मध्ये अर्धं मिनिट गेलं असेल. ते अर्धं मिनिट मी विसरलेली नाही.

चोवीसच्या चोवीस कागद चुकीचे आहेत हे आमच्या प्रमुख डॉक्टर क्रांतीमॅडमना मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं तर नीतिसमितीची परवानगी हवी आणि समिती २० तारखेला बसते. तोपर्यंत गावातल्या कोणाला काही लेखी द्यायचं नाही, असा त्यांचा निरोप आहे. म्हणजे हे पत्रही नियमात बसत नाही. वाचून ठेवून द्या.

आहे तो लोभ राहू द्यावा. सध्या तो मला लागेल.

अनुजा


कडवीमाळ
दि. १० फेब्रुवारी २०२५

लाडक्या अनुजास मामीचा आशीर्वाद.

तुझ्या मामाला लिवायला बसवलं तर पेन घेऊन नुस्तं बसून ऱ्हायलं, म्हणून मीच लिवते. माझं अक्षर मांजराच्या पायासारखं हाय, हसू नको.

तुझं पत्र आल्यापास्नं माणूस बोलत न्हाई. ओसरीवर बसतंय आणि रस्त्यानं जाईल त्या माणसाकडं बघत ऱ्हातंय. परवा राजवीर सायकलवरनं शिंकला तर हे उठून उभं ऱ्हायलं. म्हटलं, शिंकंनं कोण मरत न्हाई. तर म्हणत्यात, मी लावलेल्या ओळीनं एक माणूस जाणार, आणि त्यो कोण ते मला ठावं न्हाई. लढाईत निदान कोण पडलं ते कळतं म्हणं. मी आपली च्या ठेवते आणि उचलते.

पोटात पण काय न्हाई. तसं उपाशी ऱ्हायची ह्यांस्नी सवयच हाय म्हणा. तुझ्या शिबिराच्या दिवशीच बग की. मी सकाळी चोवीस जणांचे पोहे करून शाळेत पाठवले. सगळ्यांनी सुई टोचून घेतली आणि खाल्लं. हे साडेबारा वाजंस्तवर तसंच. पोरं सगळी झाल्याबिगर सुभेदार खुर्चीत बसायचा न्हाई आणि घास घ्यायचा न्हाई, ही त्यांची जुनी खोड. पलटणीत साहेब शेवटी जेवतो म्हणं. पलटण सुटून अठरा वर्सं झाली, पण माझ्या घरात अजून तेच. पाव्हणं जेवत्यात, गडी जेवत्यात, मग हे, आणि ह्यांच्या मागं मी थंड भाकरी खाणार. त्या दिवशीचं पोहं पार दगड झालं हुतं.

तू काळजी करू नको. आणि लगीन कधी करतीस ते आता ईचारत न्हाई, पर इसरले न्हाई.

जीव लावतीस तसाच लाव.

तुझी मामी,
संयोगिता


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना सा. न. वि. वि.

हे पत्र मलकापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे, संध्याकाळपर्यंत पोहोचेल. वाचून लगेच उठा.

मामीचं पत्र आज मिळालं. तुम्ही शेवटी बसलात हे तुम्ही मला लिहिलं नव्हतं. तुमच्या यादीत तुम्ही पहिले आहात, म्हणून मी खुर्चीतही पहिले तुम्हालाच धरलं. उपाशी राहायची अट आमची नव्हती, त्यामुळे कोण कधी खातो इकडे माझं लक्षच गेलं नाही. तुम्ही मागे गेलात तशी सगळी ओळ एकेक पाऊल पुढे सरकली. यादीतला दुसरा माणूस खुर्चीत पहिला बसला. नवव्या नळीत नववा नाही, दहावा माणूस आहे.

पडताळा घेतला. तुम्ही शेवटचे, म्हणजे तुमचं रक्त चोविसाव्या नळीत असायला हवं. चोविसाव्या नळीचा आकडा १४.२ आहे. बाळासोमामा आठव्या नळीत असायला हवेत. आठवीचा आकडा १३.७. दोन्ही जुळतात.

नाव मी लिहीत नाही, नियमाने मला ते तुम्हाला सांगता येत नाही. तुमची यादी तुमच्याकडे आहे. हवालदार नऊवर संपतात. त्यांच्या खालचं पहिलं नाव वाचा.

मग तुमचंच २४ जानेवारीचं पत्र आठवा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर तासभर खाज, लालबुंद चेहरा. दाट रक्ताच्या या आजाराचं हे पुस्तकातलं लक्षण आहे, मी ते परीक्षेत लिहिलेलं आहे. तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा मी हसले आणि पान उलटलं. तीन साबण, एक अर्ज, आणि माझ्या लक्षात आलं नाही. कोष्टकं करण्यापेक्षा मी पत्र नीट वाचायला हवं होतं.

त्यांना उद्याच घेऊन या. वाटेत उसाच्या गाड्यांनी रस्ता अडला तरी परत फिरू नका.

घाईत आहे. उरलेला नमस्कार मामीला.

अनुजा


कडवीमाळ
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. अनुजा हिस आशीर्वाद.

हेही कंडक्टरकडेच देतो.

बादशहा येत नाही. पत्र हातात घेऊन मी काल गिरणी उघडताच आत गेलो. पट्टा चालू होता, मला ऐकू येत नाही आणि त्याला ऐकायचं नाही. त्याने भिंतीकडे बोट केलं. मी म्हटलं, तो कागद चुकीचा आहे. तो म्हणाला, सुभेदारसाहेब, लाल गोल तुमच्या कागदावर आला, आता तो माझ्या गळ्यात का? वरच्या चौकीवर माझे मोजे घेतले तेव्हा मी काही बोललो नाही, आता रक्तपण बदलून घेता का? दळणाला आलेल्या बायका हसल्या. मी हसलो नाही.

मग त्याने पट्टा बंद केला आणि खालच्या आवाजात सांगितलं, ते मला ओठांवरून कळलं. महिनाभर डोकं जड असतं, दोनदा डोळ्यांपुढे पडदा आला, तळपाय भाजतात. पण कागद आल्यापासून त्याची बायको सुलतानबी निवांत झोपते. तिच्या हातात आता उलटा कागद कसा देऊ, म्हणाला. तू दुपारी त्याला फोन केलास तोही त्याने ठेवून दिला. म्हणतो, फोनवर कोणीही काहीही बोलतं, ज्या बाईची सही आहे तिने सहीनिशी लिहून द्यावं की माझा कागद खोटा आहे, मग येतो. लेखी हुकूम लेखीच रद्द होतो, हे आम्हीच त्याला शिकवलेलं.

मी त्याला हुकूम देऊन बघितला. त्याने सॅल्यूट मारला आणि जागचा हलला नाही.

तुला लिहून द्यायची मनाई आहे हे मला माहीत आहे. म्हणून मागत नाही. फक्त कळवतो. काय करावं मला समजत नाही. मी सकाळपासून गिरणीसमोर बसून आहे.

आशीर्वाद आहेत. त्यांचा उपयोग होवो.

मामा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बादशहामामा यांना अनुजाचा नमस्कार.

माझ्या आईच्या गावचे म्हणून तुम्ही माझे मामा, पण हे पत्र मी भाची म्हणून लिहीत नाही. तुमच्या गिरणीत लावलेल्या कागदावर जिची सही आहे ती मी.

तो कागद चुकीचा आहे. त्यावरचा १३.९ हा आकडा तुमच्या रक्ताचा नाही. तुमच्या नळीत दुसऱ्याचं रक्त गेलं आणि दुसऱ्याच्या नळीत तुमचं. खुर्चीत बसल्यावर तुम्हाला नाव विचारायला हवं होतं. ते विचारू नये असं मी सांगितलं होतं. चूक माझी आहे, तुमची नाही, सुभेदारांची नाही आणि काशिफची नाही.

माझ्या हिशेबाप्रमाणे तुमचं हिमोग्लोबिन २०.४ आहे. हिशेब पुन्हा चुकला असेल तर एका सुईत कळेल आणि मी तुमची दुसऱ्यांदा माफी मागेन. चुकला नसेल तर रोजचा दिवस धोक्याचा आहे. डोकं जड होणं, डोळ्यांपुढे पडदा, तळपायांची आग आणि आंघोळीनंतरची खाज ही चारही लक्षणं एकाच दुखण्याची असू शकतात. पाण्याचा दोष नाही. ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज मागे घ्यायला हरकत नाही.

सुलतानबीमामींना हे पत्र वाचून दाखवा. तुमची लेक शबनूर घरी असेल तर तिला वाचू द्या, म्हणजे गाळून वाचलं जाणार नाही. उपचार आहे, तो जुना आणि साधा आहे, आणि अजून वेळ गेलेली नाही.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी हॉस्पिटलच्या दारात उभी असेन. तुम्ही येईपर्यंत उभी असेन.

लोभ मागण्याचा हक्क या पत्रात मला नाही. विश्वास एकदा आणखी मागते.

अनुजा वसंत चौगुले
(सही केली आहे. तारीख वर आहे.)


कडवीमाळ
दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. अनुजा हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी काय झालं ते तुझ्यासमोरच झालं. २०.६ आकडा आला तेव्हा बादशहाने आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, साहेब, मोजे परत द्या. तू तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होतीस, म्हणून तुझं काय झालं ते मला दिसलं नाही. असं आम्ही धरतो.

पुढचं सांगतो. एक बाटली रक्त काढलं ते फेकून दिलं, याचा त्याला अजून राग आहे. सैनिकाचं रक्त मोरीत कसं ओततात, म्हणतो. मी सांगितलं, कुणाला चढवलं तर तोही खाजवत बसेल. डॉक्टरांनी पाणी कमी पडता कामा नये, म्हणून या वर्षी रोजे धरू नका असं सांगितलं, ते मात्र त्याला सुईपेक्षा जास्त लागलं. सुलतानबीने समजूत काढली.

काल सकाळी हा ओल्या डोक्याने, खांद्यावर टॉवेल टाकून, भर थंडीत आमच्या दारात. मामीला वाटलं काय झालं की काय. तर म्हणाला, वहिनी, कढत पाण्याने आंघोळ केली, घड्याळ लावून बसलो, आधी तासभर चालायचं ते पंधरा मिनिटांत थांबलं. एवढं सांगायला आला होता. चहा न घेता गेला.

आता ऐक, रागावू नकोस. त्याने भिंतीवरचा जुना कागद काढला आणि त्याच फ्रेममध्ये तुझं पत्र लावलं. दळणाला येणारा प्रत्येक जण वाचतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शबनूर वाचून दाखवते. चूक माझी आहे ही ओळ आली की म्हणे पट्टा बंद करते. मी त्याला म्हटलं, पोरीची नोकरी जाईल, काढ ते. तो म्हणाला, सगळं ठीक म्हणून लिहून दिलेले कागद माझ्या पेटीत ढीगभर आहेत, असा एकच आहे.

समितीचं काय झालं? तुझं काय झालं? ते लिहायला तू नेहमी विसरतेस.

मामीची माया सोबत बांधून धाडतो.

मामा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना सा. न. वि. वि.

समितीपुढे मी दीड तास होते. नाव न विचारल्याबद्दल आणि मनाई असताना पत्र लिहिल्याबद्दल, असे दोन ठपके माझ्या नावावर लेखी आले आहेत. क्रांतीमॅडम म्हणाल्या की पहिला योग्यच आहे. दुसऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण बाहेर पडताना त्यांनी माझ्यासाठी दार धरलं. नोकरी आहे. यापुढे प्रत्येक शिबिरात काशिफच्या शेजारी उभं राहून नावं मी स्वतः विचारायची, असं ठरलं.

समितीला फाइलसाठी त्या पत्राची मूळ प्रत हवी होती. ती कुठे आहे असं अध्यक्षांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं की पिठाच्या गिरणीत भिंतीवर आहे. बराच वेळ कोणाला कळेना की हे कसं नोंदवायचं. शेवटी, प्रत सहभागी व्यक्तीच्या ताब्यात, असं लिहिलं. ती तिथेच राहू द्या. काच मात्र अधूनमधून पुसायला सांगा, नाहीतर पिठाने अक्षरं दिसणार नाहीत.

शनिवारी, १ मार्चला, सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायला येते आहे. बादशहामामांच्या घरी रोजे सुरू व्हायच्या आधी काम संपेल. ओळ तुमच्या यादीप्रमाणे लावा. नायब सुभेदार शिंद्यांना एकविसावं उभं करायची माझी हिंमत नाही. नळ्या यावेळी कोऱ्या आणते. माणूस बसेल, नाव सांगेल, मगच मी लेबल लिहीन. ओळ कितीही सरळ असली तरी.

तुम्ही शेवटी बसणार हे मी धरून चालते. मामीला सांगा, पोह्यांची दोन ताटं झाकून ठेव. यावेळी मीही शेवटीच खाईन.

तुमची,
अनू